सोमवारचा कौल

मास्तरांना कुणी वय विचारलं तर ते आधी विचारायचे, "कोणत्या सनानं सांगू?" विचारणारा गोंधळला की त्यांना बरं वाटायचं. मग बोटांची पेरं मोजत ते फसलीनं, म्हणजे निजामाच्या सरकारी सनानं, इतकं, हिजरीनं इतकं असं दोन्ही हिशेबांनी वय सांगायचे. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे हिजरीनं माणूस जरा लवकर म्हातारा होतो, हा त्यांचा आवडता मुद्दा होता. एकदा एका हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी तो घरात काकूंना, म्हणजे स्वतःच्या बायकोलाच लावून दाखवला आणि चार बायकांसमोर काकूंचं वय दीड वर्षानं वाढवून ठेवलं. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मास्तरांना हे तिसऱ्या दिवशी समजलं, तेही मी सांगितलं म्हणून.

मी तेव्हा तहसील कचेरीत नक्कलनवीस होतो, म्हणजे कुणाला जुन्या कागदाची नक्कल हवी असली तर ती लिहून, खाली सही करून देणारा कारकून. मुलूख निजामाचा होता. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चालायचा. पण दफ्तराच्या मागच्या खोलीत निजामीच्याही आधीपासूनचे मोडी कागद लाल फडक्यांत बांधून ठेवलेले होते. दोनशेच्या वर बस्ते होते. वडिलांनी लहानपणी बदडून मोडी शिकवली होती म्हणून मला ही खोली मिळाली. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि तिथं यायचं कुणाला काही कारणही नव्हतं. त्यामुळे खोली माझी, गांधीलमाश्यांची आणि मास्तरांची होती.

मास्तर शाळेत फारसी शिकवून वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, घरी बसले होते, आणि बसल्या बसल्या त्यांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला होता. गावानं तो मागितला नव्हता. एका तहसीलदारानं महिना-पंधरा दिवसांचं काम असेल असं समजून त्यांना दफ्तर बघायची परवानगी दिली. तो तहसीलदार बदलून गेला, त्याच्या मागून आणखी तीन आले आणि गेले, परवानगी तीच चालू राहिली. नवा साहेब आला की मास्तर शेरवानी घालून सलाम करायला जायचे आणि परवानगीचा जुना कागद असा काही पुढं धरायचे की साहेबाला वाटावं, हे म्हातारे कचेरीच्या सामानातच मोडतात.

कचेरी उघडायच्या आधीच ते पायरीवर येऊन बसलेले असायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत भिंग, बसायला घोंगडीचा तुकडा आणि एक मोरपीस. कागदावरची धूळ फुंकायची नाही, मोरपिसानं झाडायची, हा त्यांचा नियम होता. फुंकरीतून थुंकी उडते आणि दोनशे वर्षांची शाई दोन थेंबांनी जाते, असं ते मला रोज सांगायचे, जणू मी रोज थुंकत होतो. पाण्याचा तांब्या ओसरीवर ठेवायचे. तहान लागली की कागद मिटून, बस्ता बांधून, बाहेर जाऊन पाणी पिऊन परत यायचे आणि पुन्हा गाठ सोडायचे. उन्हाळ्यात दिवसातला अर्धा वेळ यात जायचा. तोंडाला उपरणं बांधलेलं असूनही त्यांना शिंका यायच्या आणि प्रत्येक शिंकेच्या आधी ते कागद दोन हात लांब धरून मान फिरवायचे. कसरतीचा खेळ बघावा तसा मी ते बघत बसायचो.

मेलेल्या लेखकूंशी त्यांचं रोजचं बोलणं होतं. कागदाखाली नाव नसलं तरी अक्षराच्या वळणावरून ते माणूस ओळखायचे. एकाचं अक्षर दुपारनंतर सैल पडतं म्हणून त्याला ते 'भातखाऊ' म्हणायचे. दुसऱ्याच्या रेघा वर वर चढत जायच्या, तो म्हणे मोठा गर्विष्ठ होता. "हे बघा," मला भिंग देऊन म्हणायचे, "गडी काय झोपा काढायलाय. चार ओळीत तीनदा पेंगलाय." मी बघायचो. मला सगळ्या ओळी सारख्याच दिसायच्या. पण हो म्हणायचो, कारण नाही म्हटलं की तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू व्हायचा.

काकू म्हणायच्या, "ह्यांना मेलेल्या माणसाची सोयरीक सांगता येती. घरात मीठ कुठं हाय म्हणून इचारा." मी एकदा खरंच विचारलं. मास्तरांनी बराच विचार केला आणि जुन्या काळी मीठ कोणत्या वाटेनं गावात यायचं ते सांगितलं.

गावात त्यांच्या कामाबद्दल लोकांची एकच अपेक्षा होती, आपले पूर्वज शूर निघावेत. पाटलांनी तर चावडीवर चारचौघांसमोर त्यांना विनंती केली की आमच्या खापरपणज्यांनी लढाई केली असं घरात ऐकत आलोय, तेवढी शोधून काढा. मास्तर महिनाभर खपले आणि खरोखर लढाईचा कागद घेऊन चावडीवर आले. लोक जमले. मास्तरांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की लढाई झाली ती सख्ख्या मेहुण्याशी, एका म्हशीवरून, आणि ती तीन वर्षं चालली होती. पाटील उठून गेले. त्या सुगीत ते मास्तरांशी बोलले नाहीत. पुढं एक दिवस मात्र ते आपण होऊन कचेरीत आले, इकडं तिकडं बघत मागच्या खोलीत शिरले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, मग म्हैस शेवटी कुणाकडं ऱ्हायली?" मास्तरांनी दुःखानं मान हलवली. कागद नेमका तिथंच फाटलेला होता.

अशा माणसाची गावाला गरज पडेल असं कुणालाही वाटलं नव्हतं. पण ती पडली, ती सोमवारच्या बाजारामुळे.

आमच्या गावचा बाजार सोमवारचा. सोनपेठेकडचा भाजीपाला, मानवतकडचे धान्याचे व्यापारी, कासार, तेली, कुंभार, सगळ्यांचा संसार त्या एका दिवसावर चालायचा. माझ्या थोरल्या भावाचं कापडाचं पाल बाजारातच पडायचं. पण गोदावरीच्या पलीकडे अडीच कोसांवरच्या गावचा बाजारही सोमवारचाच. पूर्वी नदी आडवी होती म्हणून कुणाचं काही बिघडत नव्हतं. पुढं उतारावर मोठी नाव चालू झाली आणि व्यापारी दोन्हीकडे विभागले. कुणाचाच बाजार धड भरेना. भांडणं झाली, अर्ज गेले आणि परभणीहून जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा हुकूम आला. ज्या गावचा बाजार जुना ठरेल त्याच्याकडे सोमवार राहील, दुसऱ्यानं दुसरा वार घ्यावा. दोघांनीही आपापले कागद हजर करावेत.

गावाला एकदम मास्तर आठवले. बाजार वसवताना व्यापाऱ्यांना अभय म्हणून जो लेखी कौल द्यायचे, तो आमच्या पेठेचा मूळ कौल मास्तरांना आधीच सापडलेला होता. वर्षापूर्वी त्यांनी तो दहा जणांना वाचून दाखवायचा प्रयत्न केला होता आणि दहाही जणांना त्या दिवशी काहीतरी काम निघालं होतं. आता तेच लोक त्यांच्या दारात गाडी घेऊन आले. पलीकडच्यांच्या कौलाचं साल बाहेर फुटलं होतं. आमचा त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी जुना निघाला. चावडीवर मास्तरांना खुर्ची आली. ज्या माणसाला बघून लोक गल्ली बदलायचे त्याला आता भर रस्त्यात थांबवून तब्येत विचारायला लागले. मास्तरांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं, हे मी सांगितलंच पाहिजे. उपरणं रोज धुतलेलं दिसायला लागलं. मी कौलाची नक्कल लिहिली, मास्तरांनी काढून दिलेलं साल खाली टीप म्हणून दिलं, आणि सही केली.

पेशीला, म्हणजे साहेबांपुढच्या सुनावणीला, पाच दिवस होते. मास्तर सवयीनं खोलीत बसले होते, उगाच एक बस्ता चाळत होते. तास-दोन तास शिंकसुद्धा आली नाही म्हणून मी मान वर केली. ते एकाच कागदावर भिंग धरून बसले होते.

"काय झालं मास्तर?"

"हे भातखाऊचंच अक्षर," ते म्हणाले. "शिक्काही तोच. महिना तोच, आकडाही तोच. इथं सनाच्या आधीचा शब्द तेवढा शाबूत हाय."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पेठेच्या कौलावर सालाच्या जागी 'सन' हा शब्द आणि त्यापुढं आकडा एवढंच उरलं होतं, त्याच्या आधीचा शब्द वाळवीनं खाल्लेला. निजामीत जन्म गेलेल्या आम्हा माणसांना सन म्हटला की फसलीच. सारा फसलीनं, पगार फसलीनं, पोरांचे जन्म फसलीनं. मास्तरांनी डोळे झाकून तो आकडा फसली धरला. आणि या दुसऱ्या कागदावर त्याच आकड्याआधी स्वच्छ लिहिलं होतं, सुहूर. तो जुन्या मराठी दफ्तरांतला वेगळा सन. खाली शकही दिलेला, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. एकच आकडा फसली म्हणून वाचला तर जे साल येतं, त्यापेक्षा सुहूर म्हणून वाचल्यावर येणारं साल नऊ वर्षांनी पुढचं असतं. म्हणजे आमची पेठ चार वर्षांनी जुनी नव्हती, पाच वर्षांनी नवी होती. सोमवार पलीकडच्यांचा होता.

मी त्यांना म्हटलं, मोडी वाचणारे या कचेरीत आपण दोघंच आहोत, बस्ता बांधून ठेवा. मास्तरांनी बस्ता बांधला, माझ्याकडं न बघता पिशवी उचलली आणि घरी गेले. मला वाटलं पटलं.

तरी खात्री असावी म्हणून मी तो कागद काढून विहिरींच्या तंट्यांच्या एका बस्त्यात सारून ठेवला. हे मी का केलं ते सांगायला मला अवघड जात नाही. भावाचं पाल, गावाचा बाजार, नक्कलेवरची माझी सही, सगळं डोळ्यांपुढं होतं. आपण वाईट करतोय असं त्या वेळी वाटलं नाही, उलट आपल्यात थोडंफार शहाणपण आहे असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, कालचा बस्ता मागितला, एकेक कागद उलटला आणि शेवटचा ठेवून म्हणाले, "काल इथंच होता."

मी म्हटलं, कदाचित वाऱ्यानं इकडं तिकडं झाला असेल.

मास्तरांनी खिडकी नसलेल्या त्या चारही भिंतींकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "असंल. पहिल्यापासून बघतो. पहिला बस्ता द्या."

मी दिला. त्यांनी गाठ सोडली, मोरपीस काढलं आणि नेहमीसारखं एकेक पान झाडून, वाचून, उलटून ठेवायला सुरुवात केली. घाई केली असती तर मला बरं वाटलं असतं. चिडले असते, माझ्यावर ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. पण ते रोजच्याच चालीनं चालले होते. तहान लागली की बस्ता बांधून बाहेर जायचे, परत येऊन गाठ सोडायचे. तीन दिवसांत ते तिसाव्या बस्त्यापर्यंत आले. डोळे लाल झाले होते, शिंकांनी आवाज बसला होता. विहिरींचा बस्ता दीडशेच्या पुढं होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, कशाला जीव काढायलात? परवा पेशी. गावानं कधी न्हाई ती खुर्ची दिलीय तुमाला. गप बसा की."

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "खुर्ची चांगली हाय हो," ते म्हणाले. "मला लय आवडली. पण मी चुकलो हे मला आता म्हाईत झालंय. कागद न्हाई सापडला तरी मी सांगणारच हाय. पण बिनकागदाचं कोण ऐकतं? म्हणतील म्हाताऱ्याला भ्रम झालाय, आणि माझं चुकीचं साल खरं म्हणून दफ्तरात बसंल. माझ्यामागं कोण दुरुस्त करणार ते?"

एवढं बोलून त्यांनी एकतिसावा बस्ता मागितला. मी उठलो, कोपऱ्यात गेलो, विहिरींच्या बस्त्यातून तो कागद काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला. ह्यात मिळाला, असं म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. मास्तरांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, शिक्का बघितला, साल बघितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुमचे डोळे तरुण हायत." आणि त्याची नक्कल लिहायला लावून खाली माझी सही घेतली.

पेशी मुसाफिरखान्यापुढच्या लिंबाखाली झाली. एका बाजूला आमचं गाव, दुसऱ्या बाजूला पलीकडचं. मास्तर शेरवानी घालून उभे राहिले आणि कौल वाचून दाखवल्यावर त्यांनी दुसरा कागद पुढं केला. त्यांचं उर्दू फार सुंदर होतं, त्यामुळे आमच्या लोकांना पहिली पाच मिनिटं ते गावाचं कौतुकच करतायत असं वाटलं. कळलं तेव्हा माणसं एकेक करून उठायला लागली. तालुकदारसाहेबांनी चष्मा काढून विचारलं की तुम्ही याच गावचे ना? मास्तर म्हणाले, "जी हाँ, इसी गाँव का हूँ. गलती भी इसी गाँव की है, मेरी."

इथं थांबले असते तर चाललं असतं. पण साहेबांनी त्यांच्या शोधाची तारीफ केली आणि मास्तरांना दुसऱ्याच्या वाट्याची तारीफ घेणं कधी जमलं नाही. त्यांनी वळून माझ्याकडं हात केला. म्हणाले, हा कागद मला मिळाला नव्हता हुजूर, या नक्कलनवीस साहेबांनी तीन दिवस खपून शोधून दिला. साऱ्या गावानं माझ्याकडं बघितलं. त्यात माझा भाऊ पुढच्याच रांगेत होता.

सोमवार पलीकडे गेला. आम्हाला गुरुवार मिळाला. चावडीवरची खुर्ची कुणी उचलून नेली ते समजलं नाही. भाऊ महिनाभर माझ्या पंगतीला बसला नाही, आणि वहिनी मला वाढताना कोणत्या कागदातून काय शोधून काढलं म्हणून विचारायची. पहिल्या गुरुवारी मोजून सात पालं पडली. मास्तर सकाळीच बाजारात जाऊन उभे राहिले होते. कुणी त्यांच्याशी बोलेना. शेवटी कासारीण म्हणाली, "मास्तर, तुमच्या खऱ्यापायी आमचा सोमवार गेला."

मास्तर तिथंच पालाच्या कडेला बसले. "व्हय गं बाई," ते म्हणाले. "गेला." मी त्यांना इतकं हरलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ती बाई पुढं सोमवारी नावेनं पलीकडे आणि गुरुवारी आमच्याकडे बसायला लागली. हळूहळू आणखीही काही जण तसं करायला लागले. बाजार मेला नाही, पण पूर्वीसारखा कधी भरला नाही हेही खरं.

पलीकडचे महाजन नारळ आणि शेला घेऊन मास्तरांच्या घरी आले, तेव्हा मी तिथंच होतो. मास्तरांनी त्यांना बसवलं नाही, तुमचा मूळ कौल आणलाय का म्हणून विचारलं. नशिबानं आणला होता. मास्तर भिंग घेऊन तो वाचायला बसले. अर्धा तास ती माणसं ताट हातात धरून उभी, आणि हळूहळू त्यांचे चेहरे उतरायला लागले. हा म्हातारा आता आपलीही नऊ वर्षं काढतो की काय, असं त्यांना वाटलं असावं. शेवटी मास्तरांनी साल बरोबर आहे म्हणून सांगितलं, शेला परत केला, आणि नारळ तेवढा काकूंनी आतून हात लांब करून घेतला.

दोनेक वर्षांनी गाव पुन्हा बोलायला लागलं. मास्तरांचा ग्रंथ पेठेच्या प्रकरणापर्यंत आला होता. एका दुपारी खोलीत बसून त्यांनी मला ते वाचून दाखवलं. कौलाचा सन आपण चुकीचा लावला होता हे त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. पुढची ओळ अशी होती की ही चूक दुरुस्त करणारा कागद दफ्तरातले नक्कलनवीस यांनी मोठ्या परिश्रमानं शोधून दिला. आणि खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मला ते ऐकवेना. दोन वर्षं माझ्या मनात होतं की पेशीत त्यांनी मुद्दामच माझं नाव घेतलं, माझी खोड मोडायला. तसं असतं तर मी सोसलं असतं. म्हटलं, "मास्तर, ही ओळ काढा. मी शोधला न्हाई. मीच लपवला होता, हे तुमाला म्हाईत हाय."

मास्तर दौतीचं झाकण लावत होते. "लपवल्याचा कागद हाय का तुमच्याकडं?"

"न्हाई."

"दिल्याचा हाय. तुमच्या सहीची नक्कल बाजाराच्या खटल्याच्या मिसलीला लावलीय. परभणीला हाय ती, शंभर वर्षांनी कुणी बघितली तरी दिसंल." त्यांनी पान उलटलं. "मी तेवढंच लिहिणार."

मग त्यांनी पुढचा बस्ता मागितला. मला त्याची गाठ लगेच सोडता आली नाही. डोळे भरून आले होते, गाठ दिसत नव्हती.